सात नंबरचा चौकोन

वाळवंटात हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते, हे वाक्य मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात अठरा वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. परीक्षेत त्याला दोन मार्क असतात. तरीही अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत इस्रायलच्या नेगेव वाळवंटात चार आठवडे राहायला जाताना मी बॅगेत काय भरलं, तर सहा सुती शर्ट, एक टोपी आणि उन्हाचा चष्मा. बीरशेबाच्या बस स्टँडवर उतरलो आणि दात वाजायला लागले. निघताना बायको तीनदा म्हणाली होती, "स्वेटर घ्या." तिचा भूगोल दहावीतच सुटला आहे.

गेलो होतो एका कार्यशाळेला. आमच्या तालुक्यातल्या गवताळ माळांवर मी कधीकाळी एक निबंध लिहिला होता. माझ्या अंदाजाने तो आजवर दोघांनी वाचला: एक मी, दुसरा गिओरा. गिओरा म्हणजे या कार्यशाळेचा मुख्य प्राध्यापक. त्याला 'सर' म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी मी "गुड मॉर्निंग सर" म्हणालो, तर त्याने मागे वळून कोण आलंय ते पाहिलं. पन्नाशीचा माणूस, त्या थंडीत पायात सँडल, खिशात सूर्यफुलाच्या बिया, आणि विद्यार्थी त्याला तोंडावर सांगत की तू चुकतोयस. आमच्याकडे असं म्हणणारा विद्यार्थी पुढची तीन वर्षं तोंडी परीक्षेत नापास होतो.

कार्यशाळेचा विषय होता माणूस आणि निसर्ग एकमेकांचं काय करतात याचं कॉम्प्युटरवर प्रारूप तयार करणं. सोप्या भाषेत सांगतो. एक डोंगरउतार घ्यायचा, त्याचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात किती झुडपं, किती माती, किती शेळ्या, किती माणसं ते भरायचं. प्रत्येकाला एकेक नियम द्यायचा: शेळी जवळचं झुडूप खाते, पाणी उताराकडे जातं, माणूस फायदा बघतो. मग बटण दाबायचं. पडद्यावर चाळीस वर्षं दोन मिनिटांत उलटतात आणि कुठे जंगल होईल, कुठे उजाड, ते दिसतं. माणसांसाठी निळे ठिपके होते. ते बिचारे फार शहाणे होते. एकही ठिपका कधी रुसला नाही, एकही सासुरवाडीला गेला नाही.

ओढ्यात

ज्या उताराचं प्रारूप करायचं तो येरुहाम गावाच्या बाहेर होता. येरुहाम म्हणजे बीरशेबाहून पाऊण तासाच्या बसवर, वाळवंटात आणून ठेवलेल्या चाळींचं गाव. बसमध्ये निम्मे सैनिक, बंदुका मांडीवर घेऊन झोपलेले, आणि निम्म्या म्हाताऱ्या, भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन जाग्या. गावाच्या पलीकडे एक कोरडा ओढा आणि त्याच्या दोन्ही अंगांना पिवळट टेकड्या.

मी उत्साहाने उतारावर दहा पावलं टाकली आणि गिओरा ओरडला. मला वाटलं साप. त्याने मला हात धरून दगडावर उभं केलं आणि गुडघ्यावर बसून माझ्या पावलांचे ठसे दाखवले. त्या मातीवर एक पातळ पापुद्रा असतो, शेवाळासारख्या जिवांनी विणलेला. पाऊस पडला की पाणी त्या पापुद्र्यावरून घसरत जातं आणि खालच्या झुडपाच्या बुडाशी साठतं. वर्षाला चार सरी पडणाऱ्या मुलखात झुडपं जगतात ती या घसरगुंडीवर. पापुद्रा मोडला की पाणी तिथेच मुरतं आणि खालचं झुडूप उपाशी राहतं.

"भरून यायला किती दिवस लागतात?" मी विचारलं.

"दिवस?" गिओरा म्हणाला. "वर्षं."

मी आल्यापावली दहा झुडपांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. नंतर चार आठवडे मी सतत पायाखाली बघत चालत होतो, त्यामुळे इस्रायलचं निसर्गसौंदर्य मला मुख्यत्वे गुडघ्याच्या खालचंच ठाऊक आहे.

ओढ्याच्या वळणावर मात्र एक हिरवा तुकडा होता. मातीचा अर्धगोल बांध, त्यात पुराचं पाणी अडलेलं, आणि पाण्याच्या ओलीवर वाढलेली तीसचाळीस झाडं. नकाशावर त्याचा नंबर होता सात. कॉम्प्युटरच्या भाषेत 'झाडांचा तुकडा, मानवी उपद्रव जास्त'. उपद्रव म्हणजे तिथे पावलांच्या वाटा होत्या आणि एका सपाट दगडाभोवती जमीन अगदी गुळगुळीत झाली होती. लोक तिथे का जातात, हे कॉम्प्युटरला कळत नव्हतं. गिओरालाही नव्हतं.

क्लबात

मला बोलावण्याचं खरं कारण इथे उघडकीस आलं. माझा निबंध वगैरे ठीकच होता. येरुहाममध्ये बेने इस्राएल लोकांची, म्हणजे कोकण-मुंबईहून आलेल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, बरीच घरं आहेत, आणि त्यांतल्या म्हाताऱ्यांना हिब्रू समजतं पण बोलायला नको वाटतं. गिओराला दुभाषा हवा होता. अठरा वर्षांचा भूगोल एका दिवसात गळून पडला आणि माझी मराठी कामाला आली.

ज्येष्ठांच्या क्लबात टेबलावर एक मोठं कापड पसरलं. त्यावर उताराचे चोवीस चौकोन रंगवलेले, लाकडाची झुडपं, लाकडाच्या शेळ्या, पावसासाठी फासा, आणि प्रत्येकापुढे त्याला जमीन कशाला लागते ते लिहिलेलं कार्ड. गावातल्या लोकांना हा खेळ खेळायला लावायचा, ते काय करतात ते टिपायचं आणि तेच निळ्या ठिपक्यांना शिकवायचं, अशी युक्ती. शेवटी गिओरा लाकडाचं कुंपण हातात घेऊन विचारणार, पाच वर्षं कुठले चौकोन बंद ठेवायचे? बंद म्हणजे तार ठोकून बंद, माणूस नाही, शेळी नाही. ठरेल ते नगरपालिकेच्या कमिटीपुढे जाणार.

खेळायला दहा म्हाताऱ्या आणि दोन म्हातारे आले होते, स्वेटरवर स्वेटर घालून. शिवाय सालेम नावाचा एक बदावी, म्हणजे वाळवंटातला अरब धनगर, टेकड्यांपलीकडच्या वस्तीतला. पर्यटकांना उंटावर बसवता बसवता तो कामापुरतं इंग्रजी शिकला होता.

म्हाताऱ्यांची म्होरकी रिबका. सत्तरीची, ठेंगणी, डोक्याला रुमाल. मी "रिबकाबाई" म्हटलं तर म्हणाली, "बाई कसली? मावशी म्हन. आनि तू रे मास्तर, कपडे नायत तुला? थंडीनं मरशील ना!" पाच मिनिटांत क्लबाच्या कपाटातून कुणाचा तरी तपकिरी स्वेटर माझ्या अंगावर चढला. त्याला फिनेलचा वास येत होता. मी तो शेवटपर्यंत काढला नाही.

मग मावशीने कापड बघितलं. हळूच म्हणाली, "मास्तर, परीक्षा हाय काय? आमाला हिब्रू लिवता येत नाय हां. उगाच कोन तरी येतो नि फॉर्म भरून नेतो."

गिओराने माझ्यासाठी इंग्रजीत प्रास्ताविक केलं. त्यात एक लांबलचक वाक्य होतं, की आज इथे जे ठरेल ते आम्ही कमिटीकडे शिफारस म्हणून नेऊ, आणि म्हणून प्रत्येकाने विचार करून बोलावं. मी त्या वाक्याचं काय केलं? सगळ्या घाबरलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "काही नाही हो, नुसता खेळ आहे. पत्ते खेळतो तसा. मनाला लावून घ्यायचं नाही."

सगळे हसले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आणि मग तो खेळ सुरू झाला. खेळ कसला, हळदीकुंकू होतं ते. फाशावर दुष्काळ पडला तर एक म्हातारी दुसरीला म्हणे, "तुझी शेळी उपाशी हाय, माझं झुडूप घे." दुसरी म्हणे, "नको गं, तुलाच असू दे." चौथ्या फेरीपर्यंत सगळी झुडपं एकमेकींना वाटून झाली होती आणि शेळ्या अजीर्णाने मरायच्या बेतात होत्या. फक्त सालेम एकेका झुडपासाठी घासाघीस करत होता. मधेच तो माझ्याकडे वाकला.

"तुझ्या मावश्या फार श्रीमंत आहेत का?"

"नाही. का?"

"जमीन फार सहज देताहेत. माझ्याकडे जमिनीबद्दल कोणी खेळत विचारायला आला, की मी समजतो, हा खेळायला आलेला नाही."

मला तो विनोद वाटला. मी हसलो.

शेवटी गिओराने कुंपण उचललं आणि सात नंबरवर ठेवलं. "हा बंद करू या?"

मी विचारलं. बाकीच्या नऊही जणी रिबकामावशीकडे बघायला लागल्या. मावशीने गिओराच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला आणि म्हणाली, "साहेबांना पायजे तर घेऊ दे की. पावन्याला नाय कसं बोलायचं?"

"हो म्हणताहेत," मी भाषांतर केलं. गिओराने वहीत लिहिलं: पूर्ण एकमत. असं एकमत त्याने या देशात आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी संशय यायला हवा होता, असं तो पुढे म्हणाला.

मावशीकडे

दुसऱ्या दिवशी रिबकामावशीने मला जेवायला बोलावलं. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दारात नात भेटली, सैन्याच्या गणवेशात, बीरशेबाची बस पकडायच्या घाईत. मावशीने तिला मराठीत दहा सूचना केल्या, तिने हिब्रूत "बेसेदर, सवता" म्हणजे बरं आजी, एवढंच म्हटलं आणि ती जिना उतरली. "समजतं तिला सगळं," मावशी म्हणाली. "तोंडातनं येत नाय."

जेवण काय वर्णू! बिरडं, तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातलं मटण आणि एक पालेभाजी, लसूण-मिरचीवर परतलेली, किंचित बुळबुळीत. तो पाला इथे पावसानंतर ओढ्याच्या कडेला आपोआप येतो, त्याला खुबेझा म्हणतात. सालेमची बायको तीच भाजी कांदा-लिंबावर करते म्हणे. मी तीनदा वाढून घेतली. सकाळच्या न्याहारीला कच्ची काकडी खायला घालणाऱ्या देशाबद्दल मनात जे साचलं होतं ते त्या भाजीने धुऊन निघालं. फक्त जेवणानंतर चहा मागितला तर मावशी म्हणाली, "मटन खाल्लंस ना? आता दूध नाय. काला पी." धर्म कुठलाही असो, तो माझ्या चहाच्या आड आल्याशिवाय राहत नाही.

काळा चहा पिताना ती म्हणाली, "बुधवारी हायेस ना? एलियाहू हनाबीचा उरूस हाय. मलिदा खायला ये." झाडांच्या सणाच्या दिवशी बेने इस्राएल एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि पाच प्रकारची फळं. कोकणात करत होते, इथे येऊनही सोडलं नाही.

"क्लबात का?"

"क्लबात कशाला? आपल्या बांदावर. झाडांकडे. तिथं एक सपाट फत्तर हाय, त्याच्यावर ताट ठेवायचं. दर वर्साला जातो."

मी कप खाली ठेवला आणि तो बांध कोणाचा ते विचारलं.

मग तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा अब्राहम मुंबईला गोदीत फिटर होता. इथे आले तेव्हा काम नव्हतं, म्हणून सरकारने माणसांना फावडी दिली आणि ओढ्यावर पाठवलं. तो बांध अब्राहमने आणि आणखी पाच जणांनी खोदला. झाडं त्यांनी लावली, आणि पहिली दोन वर्षं बायकांनी डबे घेऊन जाऊन त्यांना पाणी घातलं. तेव्हा दिवाणखान्याएवढीही मोकळी जागा कुणाच्या घरात नव्हती, म्हणून पहिला उरूस तिथे झाला. कॉम्प्युटरने ज्याला झाडांचा तुकडा म्हटलं होतं तो यांनीच केला होता, आणि ज्याला उपद्रव म्हटलं होतं ती हीच माणसं होती.

"मावशी," मी म्हणालो, "ती जागा तुम्ही काल देऊन टाकलीत."

"कवा?"

"खेळात. सात नंबरचा चौकोन. तो बांधच आहे."

"तो खेल हाय. तूच बोललास."

मी बोललो होतो. मला त्या क्षणी स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटली. मी तिला गाळलेलं वाक्य सांगितलं, कमिटीचं, तारेचं, पाच वर्षांचं. आता ती मला शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती चटई नीट करत बसली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "साहेब बोलला तर बोलला. आमाला मुंबईत सांगितलेलं, बीरशेबाच्या बाजूला घर देतो. बाजूला म्हंजे किती बाजूला ते नाय सांगितलं. ट्रकनं इथं आनलं. मी बोलले, बरं. फॅक्टरीत पॅकिंगला घातलं. बोलले, बरं. आता काय, पाच वर्सं. हनाबी काय तारेपलीकडनं बगनार नाय?" आणि मग एकदम, "पन मी पाच वर्सं हाय कुठं, मास्तर?"

पुन्हा क्लबात

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिओराच्या खोलीत गेलो आणि सगळं कबूल केलं. त्याने बिया सोलता सोलता ऐकून घेतलं. चिडला नाही, हे जास्त लागलं. मी म्हणालो, "आता सात नंबर तेवढा खोडून टाक."

"नाही," तो म्हणाला. "मी खोडला तर कमिटी म्हणेल, प्राध्यापकाला म्हातारीने जेवू घातलं. खेळणाऱ्यांनीच बदलायला हवं. पुन्हा खेळू. मी तो चौकोन पुन्हा मागणार, आणि खरोखर मागणार, कारण तो बंद झाला तर पापुद्रा भरून येतो आणि खालची झुडपं वाढतात, हेही खरं आहे. त्यांना नको असेल तर त्यांनी नाही म्हणावं."

"त्यांना नाही म्हणता येत नाही."

"या देशात?" गिओरा म्हणाला. त्याला ते खरंच वाटेना.

मी दारोदार गेलो. दहा घरं, दहा काळे चहा. प्रत्येक ठिकाणी ते गाळलेलं वाक्य आधी म्हणून दाखवलं. पोथी वाचल्यासारखं मला ते पाठ झालं.

दुसरा खेळ पहिल्यासारखा झाला नाही. पहिल्याच फेरीत सोफीबाई नावाच्या म्हातारीने शेजारणीचा हात धरला, "माझं झुडूप सोड!" अकरा नंबरवर सगळ्यात चांगला खुबेझा येतो आणि तो आधी कोण तोडतं यावरून त्या दोघींचं म्हणे सहा वर्षांचं वैर होतं, ते सगळं कापडावर आलं. एका म्हाताऱ्याने शेळी लपवली. फासा दोनदा जमिनीवर पडला आणि दोन्ही वेळा पाऊसच पडल्याचं शपथेवर सांगण्यात आलं. सालेम खूश होऊन म्हणाला, "आता बरोबर. आता गरीब दिसताहेत." गिओराचे विद्यार्थी भराभर लिहीत होते. त्यांना पहिल्यांदाच माणसं सापडली होती.

मग गिओराने कुंपण उचललं आणि सात नंबरवर ठेवलं.  त्याने झुडपांबद्दल सांगितलं, मी शब्दन् शब्द भाषांतर केलं, स्वल्पविरामासकट. "हा बंद करू या?"

रिबकामावशीने केटली उचलून त्याच्या कपात चहा ओतला. "साहेबांना सांग, बिस्कुट घ्या."

मी सांगितलं. गिओराने बिस्किट घेतलं. खाल्लं. "बिस्किट छान आहे. हा बंद करू या?"

"सांग, चहा थंड होतोय."

मी सांगितलं. गिओराने चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं. मला त्याचा राग आला. ती बाई केटलीचं झाकण काढत होती, पुन्हा लावत होती. आपणच काहीतरी गोड बोलून तिची सुटका करावी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण एकदा गोड बोलून मी काय करून ठेवलं होतं ते समोर कापडावर मांडलेलं होतं. मी प्रश्न होता तसाच मराठीत सांगितला.

मावशीने केटली खाली ठेवली. कापडावर हात लांब केला, लाकडाचं कुंपण दोन बोटांनी उचललं आणि गिओराच्या बशीत ठेवलं.

"नाय," ती म्हणाली.

भाषांतराची गरज नव्हती, तरी मी केलं. ते माझं काम होतं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. कमिटीने दुसऱ्या खेळाचा आराखडा घेतला. तार सात नंबरला वळसा घालून गेली. त्याच्या बदल्यात बायकांनी अकरा नंबर सोडला, म्हणजे चांगला खुबेझा गेला आणि वैरही गेलं. सालेमचे दोन चौकोन गेले. तो शेवटपर्यंत भांडला होता, पण त्याच्या कार्डावर 'शेळ्या' एवढंच लिहिलेलं होतं आणि कमिटीत शेळ्यांच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. ते मला आजही बरं वाटत नाही. बुधवारी मी बांधावर मलिदा खाल्ला, सपाट दगडाशेजारी, फिनेलच्या वासाचा स्वेटर घालून.

पण त्या दिवशी क्लबात हे काहीच ठरलेलं नव्हतं. गिओरा खाली मान घालून वहीत काहीतरी लिहीत होता. मावशीने माझी बाही ओढली. 

"मास्तर, राग आला काय रे त्याला?"

मी गिओराला विचारलं. त्याने मान वर केली. राग कशाचा, म्हणाला, एवढंच ऐकायला तर मी दोनदा आलो.

"नाही आला," मी म्हणालो. "अजिबात नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने रुमाल सारखा केला, थोडी ताठ बसली. "मंग परत एकदा बोलू?" असं म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता गिओराच्या डोळ्यांत बघून तिने तेच 'नाय' हिब्रूत म्हटलं, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने: "लो."